दुसरे महायुद्ध आणि जपान : शिक्षणाची दोन रूपे

आपल्या समाजाच्या कोणत्याही शैक्षणिक मेळाव्यात, बक्षीस समारंभात किंवा पालक सभेत जपानचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. "अणुबाँबने बेचिराख झालेला देश शिक्षणाच्या आणि कष्टाच्या जोरावर पुन्हा उभा राहिला, मग आपण का नाही?" असा प्रश्न वक्ते विचारतात, टाळ्या पडतात आणि विद्यार्थी ते वाक्य वहीत उतरवून घेतात. हा दाखला खोटा नाही, परंतु तो अर्धा आहे. राहिलेला अर्धा भाग सांगितला नाही, तर जपानपासून घ्यायचा खरा धडा आपल्या हाती लागत नाही.

जपान युद्धानंतर सुशिक्षित झाला असे नव्हे. युद्धाआधीच तो आशियातील सर्वांत सुशिक्षित देश होता. साऱ्या आशियाला आगीत लोटणारे सैनिक, अधिकारी आणि मंत्री शाळा-कॉलेजांतून शिकूनच बाहेर पडले होते. मग एवढ्या शिकलेल्या राष्ट्राच्या हातून एवढा अनर्थ कसा घडला, हा प्रश्न शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी, पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी स्वतःला विचारावयास हवा.

मेजी काळातील शिक्षणक्रांती

१८६८ साली जपानमध्ये सरंजामी सत्ता संपून सम्राट मेजी यांच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी आशियाचे लचके तोडावयास सुरुवात केली होती. आपली गत हिंदुस्थान किंवा चीनसारखी होऊ नये, या भीतीने जपानच्या नव्या नेत्यांनी सैन्य, कारखाने आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकदम हाती घेतल्या. १८७२ साली शिक्षणाचा कायदा झाला. गावात एकही घर निरक्षर राहू नये आणि घरात एकही माणूस निरक्षर राहू नये, हे त्याचे ध्येय होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस शाळेत जाण्याच्या वयाच्या शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक मुलांची नावे प्राथमिक शाळेच्या पटावर होती. मुलीही मागे राहिल्या नाहीत. १८७१ साली अमेरिकेस पाठविलेल्या मुलींपैकी सर्वांत लहान, अवघ्या सहा वर्षांच्या त्सुदा उमेको हिने परत येऊन १९०० साली टोकियोत मुलींसाठी उच्च शिक्षणाची संस्था काढली.

१९०५ साली जपानने रशियासारख्या बलाढ्य युरोपीय सत्तेचा पराभव केला, तेव्हा साऱ्या आशियाची मान उंचावली. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने या विजयाचे स्वागत केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली, ती टोकियोतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. १९१६ साली त्यांनी आपले विद्यापीठ सुरू केले. महाराष्ट्रातील हजारो मुलींच्या, आणि त्यांत आपल्या समाजातील कित्येक लेकींच्या शिक्षणाचा एक धागा असा जपानपर्यंत जातो.

मात्र याच शाळांत दुसरेही एक बीज पेरले जात होते. १८९० साली सम्राटाच्या नावाने शिक्षणविषयक राजाज्ञा निघाली. आईबापांची सेवा, भावंडांचे प्रेम, अभ्यास अशा चांगल्या गोष्टी तीत होत्या. परंतु संकटसमयी राजसिंहासनासाठी प्राण अर्पण करणे हे सर्वोच्च कर्तव्य ठरविले होते. ही आज्ञा मुलांकडून तोंडपाठ करून घेत. शाळेच्या आवारात सम्राटाची तसबीर आणि ही राजाज्ञा ठेवण्यासाठी वेगळी इमारत असे आणि तिच्यापुढे मुले वाकून नमस्कार करीत. सम्राट हा देवांचा वंशज आहे, हे इतिहासाच्या पुस्तकात सत्य म्हणून शिकविले जाई. मुलगा वाचावयास शिकला, हिशेब शिकला, यंत्र चालवावयास शिकला. पण "हे खरे आहे काय? हे न्याय्य आहे काय?" हे विचारावयास मात्र तो शिकला नाही.

साम्राज्याची वाट

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेनजवळ जपानी सैन्याच्या अधिकाऱ्यांनीच रेल्वेरुळावर स्फोट घडवून त्याचा आळ चिनी लोकांवर घातला आणि त्या निमित्ताने मांचुरिया व्यापला. राष्ट्रसंघाने दोष दिला, तेव्हा १९३३ साली जपान राष्ट्रसंघातूनच बाहेर पडला. ७ जुलै १९३७ पासून चीनशी उघड युद्ध जुंपले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नानकिंग शहर पडले आणि पुढील काही आठवडे तेथे कत्तल, लूट आणि स्त्रियांवरील अत्याचार यांचे थैमान चालले. युद्धानंतरच्या टोकियो न्यायालयाने तेथील मृतांचा आकडा दोन लाखांहून अधिक मानला. चीन तो तीन लाख सांगतो.

चीनच्या या दुःखात महाराष्ट्राचा एक सुपुत्र सामील झाला. काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जखमी चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांनी तेथेच देह ठेवला. त्यांची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ साली पडद्यावर आणली.

सप्टेंबर १९४० मध्ये जपानने जर्मनी आणि इटली यांच्याशी करार केला. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात शिरताच अमेरिकेने जपानचा तेलपुरवठा तोडला. जपानला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत असे. चीनमधून माघार घ्यावी किंवा डच ईस्ट इंडीजचे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचे, तेल बळाने घ्यावे, असे दोनच मार्ग उरले. जपानच्या राज्यकर्त्यांनी दुसरा मार्ग धरला. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. नाताळच्या दिवशी हाँगकाँग, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर, मार्चमध्ये रंगून आणि जावा पडले. गोरा माणूस अजिंक्य आहे हा भ्रम तीन महिन्यांत फुटला, हे मान्य केले पाहिजे.

आशियाची मुक्तता की नवी गुलामी?

"आशिया आशियावासीयांसाठी" अशी जपानची घोषणा होती. ज्या देशांनी गोऱ्यांचे जोखड वाहिले होते, तेथील लोकांना ती गोड वाटली यात नवल नाही. परंतु घोषणा आणि अनुभव यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले.

इंडोनेशियाच्या मुसलमानांचा अनुभव आपल्यासाठी विशेष बोलका आहे. उलेमांना आपल्या बाजूस वळविण्यासाठी जपान्यांनी १९४३ साली मुस्लिम संघटनांचा महासंघही स्थापू दिला. परंतु त्याचबरोबर टोकियोतील राजवाड्याच्या दिशेने कमरेत वाकून वंदन करण्याची सक्ती केली. जो माणूस अल्लाहशिवाय कोणापुढेही रुकूत वाकत नाही, त्याने सम्राटापुढे वाकावे कसे? नहदतुल उलेमा या संघटनेचे संस्थापक, वयोवृद्ध मौलाना हाशिम अशअरी यांनी नकार दिला आणि १९४२ साली त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. लाखो गरीब इंडोनेशियन शेतकऱ्यांना वेठबिगार म्हणून नेण्यात आले आणि त्यांतील कित्येक घरी परतलेच नाहीत. सयाम आणि ब्रह्मदेश जोडणाऱ्या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर दोस्त राष्ट्रांचे १२,००० हून अधिक युद्धकैदी मेले. त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने मेले ते तमिळ, मलायी, ब्रह्मी आणि जावाचे मजूर.

आपल्या देशालाही याची झळ पोहोचली. ब्रह्मदेश पडल्याने तांदळाची आवक बंद झाली. जपानी येतील या धास्तीने इंग्रजांनी बंगालच्या किनाऱ्यावरील होड्या आणि धान्य काढून घेतले. त्यात सरकारी बेपर्वाई आणि साठेबाजी यांची भर पडली. १९४३ च्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली असे मानले जाते. अंदमानात जपानी अंमलाखाली ३० जानेवारी १९४४ रोजी हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून ४४ हिंदी नागरिकांना गोळ्या घातल्या गेल्या.

एक पाणबुडी, दोन प्रवास

या युद्धात जपानशी आपले नाते किती गुंतागुंतीचे होते, हे एका पाणबुडीच्या हकीकतीवरून कळून येते. २० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' नावाची आगबोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसे होती. त्यांत रोजगारासाठी किंवा आप्तांकडे निघालेले हिंदी उतारू आणि बोटीवरील खलाशी यांचाच मोठा भरणा होता. २३ नोव्हेंबरच्या पहाटे भर समुद्रात जपानी पाणबुडी आय-२९ हिने पाणतीर सोडून ही बोट बुडविली. २८० जणांना जलसमाधी मिळाली. वाचलेले लोक २७ नोव्हेंबरला मुंबईस परत आले.

पाचच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात याच आय-२९ पाणबुडीने जर्मन पाणबुडीतून आलेल्या दोन हिंदी प्रवाशांना आपल्यात घेतले. एक होते नेताजी सुभाषचंद्र बोस आणि दुसरे त्यांचे हैदराबादचे निष्ठावंत सहकारी आबिद हसन. बंदर सोडून निघालेल्या निरपराध हिंदी उतारूंचा जीव घेणारे जहाज आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यवीराला पूर्वेकडे नेणारे जहाज एकच होते!

नेताजींनी २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकारची घोषणा केली. धर्म, जात, प्रांत विसरून या फौजेतील जवान एका पंगतीत जेवले. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावरील लाल किल्ल्यातील खटल्याने १९४५ च्या अखेरीस सारा देश पेटून उठला. या वीरांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे साहाय्यक असलेल्या जपानचा हेतू निर्मळ होता असे मात्र म्हणता येत नाही. फौजेचे पहिले सेनानी मोहनसिंग यांचे जपान्यांशी पटले नाही, तेव्हा डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना अटकेत टाकण्यात आले. जे हिंदी युद्धकैदी फौजेत सामील झाले नाहीत, त्यांपैकी हजारोंना न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीस जुंपले गेले आणि तेथे उपासमारीने व रोगांनी त्यांचे हाल झाले.

शाळेतून रणांगणावर

सिंगापुरात आझाद हिंद सरकारची घोषणा झाली त्याच दिवशी, २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, टोकियोच्या मैदानावर भर पावसात एक वेगळाच सोहळा चालला होता. विद्यापीठांतील तरुणांना लष्करी सेवेतून मिळणारी सवलत काढून घेण्यात आली होती. साहित्य, कायदा, अर्थशास्त्र शिकणारे सुमारे २५,००० विद्यार्थी खांद्यावर बंदुका घेऊन पंतप्रधान तोजोंसमोरून संचलन करीत गेले. निरोप देण्यासाठी शाळकरी मुलींनी स्टेडियम भरले होते. पुढे आपले विमान शत्रूच्या जहाजावर आदळून मरण पत्करणाऱ्या वैमानिकांत यांच्यापैकीच कित्येक तरुण होते.

१९४४ साली इंफाळ-कोहिमाच्या डोंगरांत जपानचे सुमारे ८५,००० सैन्य उतरले. त्यांतले सुमारे ३०,००० भूक, हिवताप आणि लढाई यांत संपले. १९४५ च्या वसंतात ओकिनावा बेटावर २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक यांना गुहांतील लष्करी इस्पितळांत शुश्रूषेसाठी पाठविण्यात आले. त्यांतील १३६ जणांचा अंत झाला. १० मार्च १९४५ च्या एका रात्री अमेरिकेच्या आगलाव्या बाँबनी टोकियोत सुमारे एक लाख माणसे जाळली.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा बारा-तेरा वर्षांची हजारो शाळकरी मुले-मुली आगीचा फैलाव रोखण्यासाठी पाडलेल्या घरांचा राडारोडा उचलत होती. सरकारने त्यांना वर्गातून काढून या कामास लावले होते. त्यांतील सुमारे ६,००० मुले मृत्युमुखी पडली. वर्षअखेरीपर्यंत हिरोशिमातील मृतांची संख्या सुमारे १,४०,००० आणि ९ ऑगस्टला बाँब पडलेल्या नागासाकीतील सुमारे ७०,००० झाली. बाँब टाकणाऱ्यांच्या माथ्यावरील हा कलंक कोणत्याही युक्तिवादाने पुसला जाणार नाही.

हिरोशिमातील मुसलमान विद्यार्थी

हिरोशिमात त्या दिवशी काही मुसलमान विद्यार्थीही होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. जपानने १९४३-४४ मध्ये दक्षिणपूर्व आशियातील निवडक तरुणांना शिक्षणासाठी बोलाविले होते. त्यांतील काही हिरोशिमाच्या विद्यापीठात होते. मलायाच्या केलांतान प्रांतातील निक युसुफ बाँबमध्ये मरण पावला. जोहोरचा सय्यद उमर त्या दिवशी वाचला. विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर राहून तो आणि त्याचे मित्र जखमी जपान्यांना पाणी देत, त्यांची सेवा करीत राहिले. पण किरणोत्साराने त्याला आतून पोखरले होते. टोकियोस जाताना वाटेत क्योटोत तो आजारी पडला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अल्लाहला प्यारा झाला. त्याची कबर क्योटोत आहे आणि जपानी लोक ती आजही आदराने सांभाळतात.

याच गटातील दोघे वाचले. अब्दुल रझाक मायदेशी परतून शिक्षक झाले. १९८२ साली मलेशियाने जपानकडून शिकण्याचे धोरण आखले, तेव्हा जपानला जाणाऱ्या मलेशियन विद्यार्थ्यांना त्यांनी जपानी भाषेसाठी तयार केले. दुसरे पेंगिरान युसुफ हे १९६७ ते १९७२ या काळात ब्रुनेईचे मुख्यमंत्री झाले. ब्रुनेईच्या राष्ट्रगीताचे शब्द त्यांचेच. ज्या देशाने आपली भूमी व्यापली, जेथे आपले सोबती गमावले, त्या देशाशी वैर न धरता या माणसांनी ज्ञानाचा पूल बांधला.

राखेतून

१५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राटाने नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली. सुमारे ३१ लाख जपानी मेले होते आणि साठांहून अधिक शहरे जळाली होती. शाळांना छप्पर नव्हते, म्हणून वर्ग उघड्या आभाळाखाली भरले. नवी पुस्तके छापावयास कागद नव्हता, म्हणून जुनीच पुस्तके उघडून त्यांतील युद्धाची आणि सम्राटपूजेची वाक्ये मुलांनी शिक्षकांच्या सांगण्यावरून काळ्या शाईने पुसली. काल जे सत्य म्हणून घोकून घेतले, तेच आज खोडावयास सांगताना त्या गुरुजींच्या मनाची काय अवस्था झाली असेल! १९५१ साली जपानच्या शिक्षक संघटनेने निर्धार केला की, आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा रणांगणावर पाठवावयाचे नाही.

१९४६ च्या एप्रिलमध्ये स्त्रियांनी प्रथम मतदान केले आणि ३९ स्त्रिया संसदेत गेल्या. ३ मे १९४७ रोजी नवी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या नवव्या कलमाने युद्धाचा त्याग केला. त्याच वर्षी नऊ वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू झाले. १९४८ साली संसदेने १८९० ची राजाज्ञा रद्द केली. कुळांना जमिनी मिळाल्या. पुढील भरभराटीमागे केवळ कष्टच होते असे नव्हे. अमेरिकेचे साहाय्य आणि १९५० च्या कोरिया युद्धातील मालाच्या मागण्या यांनीही जपानी कारखान्यांना हात दिला. परंतु ती संधी साधावयास शिकलेला कामगार तयार होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची ज्योत प्रज्वलित करण्याचा मान ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जिल्ह्यात जन्मलेल्या तरुणास देण्यात आला.

भारताने या काळात मोठे मन दाखविले. टोकियो खटल्यातील अकरा न्यायाधीशांपैकी राधाविनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारा स्वतंत्र निकाल दिला. मात्र जपानी फौजांचे अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते, हे पुष्कळदा सांगावयाचे राहून जाते. १९४९ साली टोकियोच्या मुलांनी मागणी केली म्हणून पंडित नेहरूंनी 'इंदिरा' नावाची हत्तीण त्यांना भेट पाठविली. युद्धकाळात तेथील प्राणिसंग्रहालयातील हत्ती उपाशी ठेवून मारले गेले होते. १९५२ च्या तहात भारताने नुकसानभरपाईचा हक्क सोडला आणि १९५८ साली जपानने आपले पहिले येन-कर्ज भारतालाच दिले.

न फिटलेला हिशेब

कारखाने उभे राहिले, तरी मनाचा हिशेब पुरा झाला नाही. सैन्याच्या छावण्यांत जबरीने ठेवल्या गेलेल्या कोरियन, चिनी, इंडोनेशियन स्त्रिया चाळीस-पन्नास वर्षे मुक्या राहिल्या. १९९१ साली कोरियाच्या किम हाक-सून या वृद्धेने प्रथम उघडपणे आपली कहाणी सांगितली. १९९५ साली पंतप्रधान मुरायामा यांनी जपानच्या आक्रमणाबद्दल जाहीर माफी मागितली, तरी तो वाद आजही शमलेला नाही.

या संदर्भात इएनागा साबुरो या इतिहासाच्या प्राध्यापकाचे नाव प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे. युद्धकाळात आपण वर्गात गप्प राहिलो, याची त्यांना आयुष्यभर खंत होती. त्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातील जपानी अत्याचारांचे उल्लेख सरकारने सौम्य करावयास किंवा गाळावयास सांगितले, तेव्हा १९६५ साली त्यांनी सरकारवरच दावा लावला. तीन खटले मिळून ३२ वर्षे चालले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा पुस्तके तपासण्याचा अधिकार मान्य केला. परंतु कैद्यांवर जीवघेणे प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा उल्लेख गाळावयास लावणे बेकायदा ठरविले. आपल्या देशाचे पाप मुलांना खरेखरे सांगणे हीच देशसेवा, असे मानणारा तो शिक्षक होता. आणि अणुबाँबमधून वाचलेल्यांच्या ज्या संघटनेने जगाला आपल्या जखमा दाखवून हे शस्त्र पुन्हा वापरू नका असे विनविले, त्या निहोन हिदान्क्योला २०२४ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

आपल्यासाठी बोध

आपल्या समाजात शाळा आणि वसतिगृहे अजून हवी आहेत, मुलींचे शिक्षण मध्येच तुटता कामा नये, यांत दुमत नाही. वाचण्याच्या आज्ञेने ज्याच्या वहीची सुरुवात झाली, त्या धर्माच्या अनुयायांनी निरक्षर राहणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. परंतु पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी केवळ ज्ञान मागितले नाही; ज्याचा उपयोग नाही अशा ज्ञानापासून अल्लाहचे संरक्षणही मागितले. १९४५ पूर्वीच्या जपानमध्ये ज्ञान अमाप होते. पण ते माणसाला नफा देणारे राहिले नव्हते.

म्हणून पालकांनो, निकालाच्या दिवशी मुलाला किती टक्के पडले हे अवश्य विचारा. त्याबरोबर आणखीही काही विचारा. वर्गात शिक्षकांना शंका विचारण्याचे धाडस त्याच्यात आले काय? शेजारच्या आळीतील दुसऱ्या धर्माच्या मुलाविषयी त्याच्या मनात काय भरले जात आहे? आपल्या समाजाच्या इतिहासातील वैभव जसे तो सांगतो, तशा आपल्या चुकाही त्याला सांगता येतात काय? आणि विद्यार्थ्यांनो, कोणी कितीही मोठ्या आवाजात, कितीही पवित्र शब्दांत सांगितले, तरी जे अन्यायाचे आहे त्यापुढे वाकू नका. जावाच्या त्या वृद्ध मौलानांनी तुरुंग पत्करला, पण मान वाकविली नाही.

जपानने दोन प्रकारच्या शाळा चालवून पाहिल्या. पहिल्या शाळांतून आज्ञाधारक सैनिक निघाले आणि त्यांनी परक्यांची घरे जाळता जाळता स्वतःचेही घर जाळले. दुसऱ्या शाळांतून कारागीर, संशोधक, शांततेचे कार्यकर्ते आणि इएनागांसारखे सत्य सांगणारे गुरुजी यांचे विद्यार्थी निघाले. आपल्या शाळांतून कोण निघावे हे ठरविण्याची संधी आज आपल्या हाती आहे. आपण शाळेची इमारत बांधण्यासाठी जेवढी धडपड करतो, तेवढीच धडपड त्या इमारतीत काय शिकविले जाते यासाठीही करू या. अल्लाह आपल्या मुलांना नफा देणारे ज्ञान देवो.